कुलूप कोणत्या पानाला?



जाहिरातींवर आता भागत नाही, म्हणून व्यावसायिक मासिकांनी संकेतस्थळावरचा मजकूर वर्गणीदारांपुरताच ठेवावा, हे गेल्या अंकातील पत्राचे म्हणणे मला निम्मेच पटते. संपादनाला, तज्ज्ञांच्या मानधनाला पैसा लागतो, हे खरे. पण बांधकाम व्यवसायाच्या मासिकांनी सरसकट कुलूप लावणे घातक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याखाली. भिंतीत आरपार दगड बसवणे, दारा-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा फिरवणे हे उपाय फार खर्चाचे नाहीत; ते माहीत असावे लागतात. त्याच वर्षीच्या आयएस १३८२८ या मानकात ते दिलेले आहेत. मात्र भारतीय मानके वर्षानुवर्षे विकत घ्यावी लागत. आज भारतीय मानक ब्युरो ती संकेतस्थळावर विनामूल्य देतो.

ब्युरो सरकारी आहे, मासिकाला तसा आधार नसतो, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून निविदांच्या बातम्या, सिमेंट-सळईचे दर, बाजाराचे अंदाज यांना जरूर वर्गणी लावा. ठेकेदाराची त्यावर कमाई होते, तो पैसे मोजेल. भिंत का कोसळली हे सांगणारा लेख मात्र खुला ठेवा. तो ज्या गवंड्यापर्यंत पोचायला हवा, तो वर्गणीदारांच्या यादीत नसतोच. कुणीतरी मोबाइलवर पाठवला तरच त्याच्या हाती पडतो. त्याला अडवून मासिकाच्या गल्ल्यात एक रुपयाही वाढत नाही.

– एक वाचक, किल्लारी (जि. लातूर)