मोबाईलवर मोलकरीण, पण सुनावणी कुठे?



झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये कामवाली मिळते ती अजून शेजारणीच्या शब्दावर. पण मुंबई-पुण्याला नोकरी करणारी आपली मुले मोबाईलवर बटण दाबून बाई बोलावतात. मार्च 2025 मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत तासाला 49 रुपये अशी जाहिरात करून ही सेवा काढली. 'इन्स्टा मेड्स' या नावावर टीका झाली तेव्हा ते 'इन्स्टा हेल्प' केले. आता आपल्या घरांतही विचारणा होते, हे घ्यावे काय?

लोकांना ते का पटते हे आम्ही जाणतो. दर ठरलेला, ओळख तपासलेली, एक न आल्यास दुसरी हजर. पतीची रात्रपाळी आणि पत्नीही नोकरीत, अशा घराची ही गरज आहे. जुनी पद्धत तरी कुठे न्यायाची होती? ना हक्काची सुट्टी, ना पगारवाढ. 1980 साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला तो हौसेने नव्हे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. काम झाले की गिऱ्हाईक तारे देते. तारे घसरले की कामावर गदा. 2023 साली याच कंपनीत घरोघर ब्युटी पार्लरचे काम करणाऱ्या स्त्रिया आयडी बंद केल्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. रेल्वेत आपल्याला 1968 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे आरोपपत्र मिळते, खुलासा देता येतो, अपील करता येते. तिच्या रोटीचा निकाल गिऱ्हाइकाच्या एका बोटावर! वर तिला म्हणायचे 'पार्टनर'. राबवून घ्यायचे, पण कामगार म्हणायचे नाही, ही युक्ती आपल्या ग्रामीण डाकसेवक बंधूंना समजावून सांगायला नको.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. मात्र आयडी बंद करण्यापूर्वी सुनावणीचे बंधन नाही. कर्नाटकाने 2025 च्या कायद्यात लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस घातली आहे. तसा कायदा देशभर हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर अ‍ॅप वापरायचे तर जरूर वापरा. पण रागाच्या भरात एक तारा देण्यापूर्वी तिला समोर बसवून विचारा. साहेबाने न विचारता शेरा मारला तर आपण युनियन ऑफिसात येतो. तिने कुठे जावे?

कामगार एकजूट झिंदाबाद!