जखम आणि तेल

तापी आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांमधील वाट राखीत सातपुड्यावर उभा असलेला असीरगड एके काळी दक्षिणेची किल्ली म्हणून ओळखला जाई. १६०१ साली तो अकबराच्या हाती पडला, हे इतिहास सांगतो. लोककथा निराळेच सांगते. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा त्या गडावर हिंडतो, तेथील महादेवाला पहाटे फूल वाहतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालावयास तेल मागतो. अश्वत्थाम्याने निजलेल्या कुमारांचा वध केला होता, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले होते. त्याला शाप मिळाला तो कृत्याबद्दल. परंतु कोणतेही दुष्कृत्य न करता तशीच जखम फेट्याखाली झाकून वावरणारे तरुण आणि तरुणी गावोगावी आहेत. ती समलिंगी किंवा पारलिंगी आहेत, एवढेच काय ते त्यांचे निमित्त.

हा विषय देवळाशी नाते सांगणाऱ्या वाचकांपुढे कशाला, असे काही सज्जन विचारतील. हे सारे परदेशी वारे आहे, असेही म्हणतील. परदेशातून आला तो कलम ३७७ चा कायदा. १८६० साली तो इंग्रजांनी लिहिला. सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांस तो लागू नाही, असा निर्णय आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. अर्धनारीनटेश्वरापुढे हात जोडणाऱ्या आणि शिखंडीची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजाला ही माणसे परकी वाटावीत, याचेच आम्हांस नवल वाटते.

हा रोग आहे, असे म्हणणाऱ्यांस वैद्यकानेच उत्तर दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच स्पष्ट केले. अशा व्यक्तींस ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळविले. तरीही गंडेदोरे चालू आहेत, आणि ‘लग्न लावून द्या, ठीक होईल’ हा सल्लाही चालू आहे. त्या सल्ल्याने एकाच्या जागी दोन आयुष्ये नासतात. दुसरे बहुधा एखाद्या निरपराध मुलीचे असते.

दुःख आहे ते या मुलांच्या स्वभावात नव्हे, एकटेपणात आहे. त्यावर बोलावे तर कोणाशी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे ०.०५ मनोविकारतज्ज्ञ आढळले. म्हणजे वीस लाखांस एक! असीरगडाहून इंदूर दीडशे किलोमीटरांहून दूर. भाडे खर्चावे, मजुरी बुडवावी, आणि घरी काय सांगावे?

म्हणूनच दूरध्वनीवरून आणि इंटरनेटवरून मिळणारा आधार ही अशा मुलांची चैन नव्हे, गरज आहे. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट उभा राहिला. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये दूरध्वनी व ईमेलद्वारा समुपदेशन सुरू केले. सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य चालते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहील, ही धास्ती येथे उरत नाही.

तथापि क्रमांक दिला म्हणजे कर्तव्य संपले, या समजुतीला आमचा ठाम विरोध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्या मुलींनी बोलावे ते भावाच्या फोनवरून काय? दोन खोल्यांच्या घरात कुजबुजही सर्वांस ऐकू जाते. निमाडी, कोरकू किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला स्वतःचे दुःख परक्या भाषेत मांडावे लागते. आधार शोधता शोधता तो एखाद्या भामट्याच्या हाती लागला, तर ‘घरी सांगेन’ या धमकीखाली लुबाडला जातो. आणि संभाषण संपले, की त्याला परतावयाचे असते ते त्याच घरात, त्याच मौनात.

ते मौन मोडणे हे कोणत्याही यंत्राचे काम नव्हे. ते आपले आहे. देवस्थानांपाशी धर्मशाळा आहेत, वाचनालये आहेत, विद्यार्थिवसतिगृहे आहेत. तेथे दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि एक चालता फोन ठेवावा. कोण आले, कशाला आले, हे कोणी विचारू नये. सूचनाफलकावर १४४१६ हा आकडा ठळक लिहावा. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने मुलाचे गुपित त्याच्या परवानगीवाचून घरी कळवू नये. वधूवर मेळावे भरविणाऱ्यांनी ‘नको’ म्हणणाऱ्या मुलामुलीचे ‘नको’ ऐकून घ्यावे.

याने देवळाचे पावित्र्य भंगते, असे ज्यांस वाटते त्यांनी एवढेच सांगावे, की दारी आलेल्या जखमी माणसाला हाकलून कोणत्या देवळाचे पावित्र्य आजवर वाढले? कलशावर सोने चढविण्यास देणग्या जमतात. एका खोलीस आणि एका फोनास लागणारा पैसा त्यापुढे किती? येत्या वार्षिक सभेत प्रत्येक विश्वस्त मंडळाने हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि ज्यांस तो नाकारावयाचा असेल त्यांनी नकाराची कारणे उघडपणे इतिवृत्तात नोंदवावीत.