गाडीखालचा काळा डाग



विष्णुपुरीच्या एका वाचकबांधवाने विचारले आहे की, त्यांच्या जुन्या डिझेल जीपखाली रोज सकाळी तेलाचा डाग पडतो आणि मिस्त्री इंजिन खोलायला सांगतो, तर काय करावे?

हा प्रश्न अनेक घरांचा आहे. विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शासकीय रुग्णालय आहे. तिथल्या येण्या-जाण्यावर जीप, टमटम आणि रिक्षावाल्यांची चूल पेटते. त्यातल्या कित्येक गाड्या कर्जाच्या. गाडी आठ दिवस उभी राहिली की हप्ता थकतो, मुलांची फी अडते. म्हणून इंजिन खोलण्याआधी गळती नेमकी कुठून होते ते स्वतः पाहा. आपल्या वंदनेतला 'एहिपस्सिको' हा शब्द हेच सांगतो : ये आणि पाहा.

आधी डाग ओळखा. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. पुढच्या चाकाकडची बाजू कोणती, त्याची खूण करा. सकाळी डाग काळा आणि बुळबुळीत असेल तर ते इंजिन ऑइल. घट्ट आणि उग्र गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल. हिरवे किंवा लालसर, गोडसर वासाचे पाणी म्हणजे रेडिएटरचे कूलंट. ते चवीला गोड पण विषारी असते, लेकरांना आणि जनावरांना त्यापासून दूर ठेवा. पातळ, फिकट, रंग उतरवणारे तेल चाकाजवळ दिसले तर ते ब्रेक ऑइल. अशी गाडी एक पाऊलही चालवू नका.

मग उगम शोधा. तेल जिथे थेंबते तिथे ते गळत असतेच असे नाही. ते वरून ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवा, फडक्याने कोरडे करा. चार-पाच किलोमीटर चालवा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा हा उगम. दिसला नाही तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, तेलाची वाट आपोआप उमटते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, मजबूत लाकडी ठोकळे लावा.

स्वस्तातले आधी तपासा. ऑइल काठीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले आहे का? चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वायसर झिजला आहे का? टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक झाले आहे का? कव्हरचे बोल्ट ढिले असतील तर बेताने आवळा. जास्त आवळले तर पत्रा वाकतो, पॅकिंग चिरते आणि गळती वाढते.

सर्वांत महत्त्वाचा ब्रीदर. इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारी ही नळी चिखला-काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल कुठल्याही सीलमधून बाहेर ढकलले जाते. मग नवे सील टाकले तरी महिन्याभरात पुन्हा गळते. गिअरबॉक्सलाही ब्रीदर असतो. दोन्ही साफ करा. ब्रीदर मोकळा असूनही, इंजिन सुरू असताना तेल भरायच्या झाकणातून चुलीसारखा धूर जोराने येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. तेव्हा मात्र मिस्त्रीचे म्हणणे खरे.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असतील तर पुन्हा वास घ्या. काळे तेल असेल तर क्रँकचे मागचे सील, उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खरा खर्च त्या मजुरीचा, सीलचा नव्हे. म्हणून एकदा उतरवला की दोन्ही सील बदला आणि क्लच प्लेटही पाहून घ्या.

पॅकिंगला सिलिकॉन थापू नका. त्याचा तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर इंजिनच जाम होते. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, बहुधा हेड गॅस्केट गेले आहे. गाडी तिथेच थांबवा.

घरातल्या भगिनींना एक विनंती. एका वहीत तारीख आणि किती ऑइल टाकले ते लिहा. महिन्याला पाव लिटर लागत असेल तर घाई नाही. आठवड्याला लिटर लागू लागले तर दुरुस्ती टाळू नका. वही हातात घेऊन गॅरेजला जाल, तर उगाच इंजिन खोलायला कोणी सांगणार नाही.

आणि जळके ऑइल नाल्यात ओतू नका. नांदेड शहर विष्णुपुरीच्या जलाशयाचेच पाणी पिते. ते डब्यात साठवून ऑइल गोळा करणाऱ्याला द्या आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

जयभीम!