बियाणं देण्याआधी बोलणी व्हावी



विद्यापीठाची माणसं शिवारात येतात, प्रयोगाला प्लॉट मागतात, माती नेतात, बेणं नेतात. त्यांनी जरूर यावं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने २००७ साली दिलेला फुले २६५ क्षारपड जमिनीतही तग धरतो. असं वाण काही बांधावर बसून तयार होत नाही. प्रश्न एवढाच की, हा व्यवहार बरोबरीचा होतो का?

उदाहरण आपल्या विदर्भातलंच घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, दरसाल निवड करीत बारीक तांदळाचं वाण काढलं. घड्याळाच्या नावावरून लोक त्याला एचएमटी म्हणू लागले. १९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून बियाणं नेलं. १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित झालं.

बियाणं आम्ही शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. शुद्धीकरण हेही कामच आहे, ते नाकारू नये. पण वाणाच्या नावात विद्यापीठ आलं, दादाजी नाही आले. पुढे २००५ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी २०१८ साली ते गेले ते हलाखीतच. हेच विद्यापीठ आपल्या वाशिम जिल्ह्याचंही आहे, म्हणून ही गोष्ट आपल्या जवळची.

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं वाण आपल्या नावे नोंदवता येतं. परंतु कायदा भांडण झाल्यावर आठवतो. बोलणी आधी झालेली बरी.

दुसरी वाटही सहकारानेच दाखवली आहे. १९७५ साली ऊस उत्पादकांनी पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संशोधन संस्था काढली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. कारखाने गाळपाच्या टनामागे तिला वर्गणी देतात. ज्याचा पैसा, त्याला प्रश्न विचारता येतो.

तेव्हा आमचं म्हणणं असं : यापुढे सभासदाच्या शेतातला प्रयोग कारखान्याच्या शेतकी खात्यामार्फत, मराठीत लिहून व्हावा. त्यात चार गोष्टी असाव्यात. प्रयोग कशाचा, हे ठरवताना शेतकऱ्याला विचारावं. आपल्याकडे हुमणीचा आणि खोडव्याच्या घटत्या टनेजचा प्रश्न आधी आहे. प्लॉट बसला तर भरपाई कोण देणार, हे ठरावं. निकाल, मग तो वाईट का असेना, गटात येऊन सांगावा. आणि अहवालात, वाणात शेतकऱ्याचं नाव यावं.

आपली बाजूही चोख पाहिजे. प्रयोगाला पडीक तुकडा द्यायचा, नोंदी ठेवायच्या नाहीत, कंट्रोलच्या सरीतही गुपचूप युरिया टाकायचा, असं करून बरोबरीचा मान मागता येत नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. सभासदांनी गट कार्यालयात आपली मतं अवश्य कळवावीत.

— ऊस विकास अधिकारी