अदिती चुकली, आणि श्रीकांत?

परवा आमच्या भिशीच्या दिवशी टीव्हीवर महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' लागला आणि चिठ्ठी काढायचीच राहिली. सिनेमा 2000 सालचा, हिंदी-मराठी दोन्हीत निघालेला. मराठीसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पुण्यातलं पंडितांचं सुखवस्तू घर. एक दिवस पोस्टाने मृत्युपत्र येतं. अदितीला (तब्बू) पूर्वी गाणं शिकवणारे मल्हार कामत आपली इस्टेट तिच्या नावे करून गेलेत. नवरा श्रीकांत (सचिन खेडेकर) जुन्या डायऱ्या काढतो, तारखा जुळवतो, आणि इतक्या वर्षांनी त्याला कळतं की अनिकेत आपला मुलगाच नाही.

"चुकलीच ती," शेजारच्या काकू म्हणाल्या. मीही म्हणते, चुकली. पण नोकरी करू का, असं विचारणाऱ्या बायकोला नाही म्हणून स्वतः सतत फिरतीवर राहणारा कोण? दिवस गेले तेव्हा ती खरं सांगायला जाते, तर हा आनंदात इतका बुडालेला की ऐकूनच घेत नाही. "सांगायला गेले होते, पण ह्यांनी ऐकलंच नाही", हे वाक्य मी संसार सावरायला आमच्याकडे येणाऱ्या किती जणींच्या तोंडून ऐकलंय! आणि बायकोच्या तारखा मोजणाऱ्या श्रीकांतने बाहेरगावच्या स्वतःच्या रात्री मात्र कधी मोजल्या नाहीत. कायदा तरी कुठे वेगळा होता? कलम 497 खाली नवरा बायकोच्या प्रियकरावर खटला भरू शके, बायकोला मात्र नवऱ्याविरुद्ध तशी तक्रारच करता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते कलम रद्द केलं.

मला राग आला तो मल्हारचाही. मेल्यावर मृत्युपत्र पाठवून हा मोकळा! तिच्या संसाराचं काय होईल, हा विचार शिवला का त्याला? सिनेमा त्याला फार सहज सोडतो, असं माझं मत.

पोटचा मुलगाही आईकडे पाठ फिरवतो. तिच्यासोबत घराबाहेर पडते ती त्याची होणारी बायको, रेवती. तिथे आमच्यातल्या दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. काकू गप्पच होत्या. निघताना चपला घालता घालता मला म्हणाल्या, "अगं, पण या वयात ती जाणार कुठे?"

"काकू, तिच्या नावावर इस्टेट झालीय की."

"आणि झाली नसती तर?"