हौसेचा कैवार

'हौशी' हा शब्द आपल्याकडे एके काळी कौतुकाने उच्चारीत. आता तो कीव करण्यासाठी वापरतात. धंदेवाईक माणूस तो खरा, आणि ज्याला धंदा जमला नाही तो हौशी, अशी सोपी वाटणी होऊन बसली आहे. ह्या वाटणीविरुद्ध मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. सणासुदीला भांडण कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु फराळाच्या ताटात तिखट शेव चालते, तर अंकात एखादे तिखट प्रकरण चालावयास हरकत नसावी.

निमित्त झाले ते असे. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी १९७८ साली एकाच दिवशी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली. कानाला हेडफोन, पुढ्यात बोर्ड, हातात कॉर्ड. इथल्या माणसाला तिथल्या माणसाशी जोडून द्यावयाचे, वेळ भरली की "थ्री मिनिट्स ओव्हर" म्हणावयाचे, आणि तिकिटावर मिनिटे मांडावयाची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे वर्ग. लाइटनिंगला आठपट दर. आमचा आवाज दिवसभर लोकांच्या कानांत असे. पण त्या आवाजाला स्वतःचे म्हणून काही बोलण्याची मुभा नव्हती. नेमून दिलेली दहाबारा वाक्ये, एवढीच आमची भाषा. खरे बोलणे होई ते डबा खाण्याच्या अर्ध्या तासात. पुढे लोक घरून थेट नंबर फिरवू लागले, बोर्ड गेले, आम्ही निराळ्या टेबलांवर गेलो, निवृत्त झालो. तो अर्धा तास मात्र आम्ही सोडला नाही. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, दुपारी चहाला येते.

आता येत्या मार्गशीर्षात ती मुलाकडे बंगळूरला कायमची चालली आहे.

म्हणून नवरात्रात मी तिला म्हटले, "अगं, आपण दोघी मिळून पॉडकास्ट काढू या. तू तिथून बोल, मी इथून. आपल्या बोर्डाच्या गोष्टी सांगू." ती मालवणकडची. कप खाली ठेवून म्हणाली, "आमचा कोण ऐकतलो गो?"

हाच प्रश्न माझ्या भाच्याने निराळ्या थाटात विचारला. तो ह्या विद्येतला. कागद पुढे ओढून म्हणाला, "आत्या, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण? पैसे कसे काढणार? लोक पहिल्या दहा सेकंदांत सोडून जातात. आणि मावशींना जरा त्यांचे हेल सुधारायला सांग." मैत्रिणीच्या प्रश्नात भीड होती, भाच्याच्या प्रश्नात हिशेब. भीड मला समजते. माझे भांडण आहे ते हिशेबाशी.

पॉडकास्ट म्हणजे काही जादू नव्हे. बोलणे मुद्रित करावयाचे, त्याची फाइल इंटरनेटवर कोठेतरी ठेवावयाची, आणि सोबत एक यादी ठेवावयाची: भागाचे नाव, तारीख, फाइलचा पत्ता. ऐकणाऱ्याच्या फोनमधले ॲप ही यादी अधूनमधून वाचते आणि नवा भाग दिसला की आणून देते. अर्ध्या तासाचे साधे बोलणे चौदा-पंधरा मेगाबाइटमध्ये मावते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे व्हिडिओ याहून जड असतात. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली एका ब्रिटिश पत्रकाराने आपल्या लेखात सुचवला. ज्या आयपॉडवरून तो घडला, ते यंत्र २०२२ साली बंद झाले. लोकांचे बोलणे काही बंद झाले नाही. इथे परवाना लागत नाही, संपादकाची साभार परत येत नाही, कॉल बुक करून ताटकळावे लागत नाही. बोर्डावर बसलो होतो तेवढी वर्षे जे आम्हांला मना होते, ते आता कोणाला न विचारता करता येते. आणि नेमके आताच आम्हांला विचारतात, "पण आकडे किती?" पूर्वी वरिष्ठ गप्प बसवीत, आता आकडे बसवणार. मग बदलले ते काय?

आकड्यांची ही भक्ती इतिहासालाही धरून नाही. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले, तेव्हा ती हौशी मंडळी होती. पुढे जुलै १९२७ मध्ये भांडवल घालून रीतसर कंपनी उभी राहिली, मुंबईचे केंद्र थाटात सुरू झाले, आणि १९३० साली ती कंपनी बुडाली. ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले ते १९३६ साली. म्हणजे आकाशवाणीच्या वाटेवरचे पहिले पाऊल हौसेचे होते आणि पहिली ठेच हिशेबाला लागली. किंवा हातातला हा अंकच घ्या. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. वाचकांची मागणी आधी आली की अंक आधी आला? माणसाला काही सांगावेसे वाटते, तो सांगतो, मग ऐकणारे जमतात. हा क्रम उलटा करणाऱ्यांनी जाहिराती लिहाव्यात.

आता प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. हौशी लोकांनी जगाचे कान किटवले आहेत, ही तक्रार खोटी नाही. दोघे मित्र माइकपुढे बसतात, आपल्याच विनोदांना हसतात, तास संपतो, आणि तिसऱ्याला कळतच नाही की झाले काय. ही हौस नव्हे, हा आळस आहे. ज्याला पगार नाही त्याने अधिक काटेकोर असावे. कारण त्याची कामे बघायला कोणी साहेब येत नाही. आम्ही म्हणून चार नियम केले. तारखा पडताळल्यावाचून सांगावयाच्या नाहीत. मुद्रित झालेले स्वतः ऐकून अर्धे कापावयाचे. बोर्डावर कानी पडलेले परक्याचे बोलणे उघड करावयाचे नाही. ती शपथ निवृत्तीबरोबर सुटत नाही. आणि मैत्रिणीने आपले हेल सुधारावयाचे नाहीत. पगार घेत होती तोवर तिने सुधारले. आता फुकट कोणासाठी सुधारावेत?

कोजागिरीच्या आदल्या दुपारी आम्ही पहिला भाग मुद्रित केला. भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात, खोली घुमते. म्हणून कपाट उघडे टाकले, खुर्च्यांवर गोदड्या घातल्या, मधे फोन ठेवला. शेजारच्या कुकरने दोनदा शिट्टी दिली. ती राहू दिली.

ती बोलू लागली. १९८३ सालची गोष्ट. तिच्या गावाहून भावाने एक्स्चेंजच्याच नंबरावर लाइटनिंग कॉल लावला. तो माझ्या बोर्डावर आला. वडील गेल्याचे भाऊ सांगत होता. पर्यवेक्षक माझ्या पाठीशी उभे होते. तीन मिनिटे भरली आणि मी, तिच्यापासून चार खुर्च्यांवर बसलेली मी, म्हणाले, "थ्री मिनिट्स ओव्हर."

चाळीस वर्षे आम्ही एका डब्यातले जेवलो; ह्या गोष्टीचा उच्चार कधी केला नाही. फोनपुढे ती सहज सांगून गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा तुका काय वाटला, ता माका कधीच विचारूचा होता." मला उत्तर देता आले नाही. त्या जागी दहा सेकंदांची शांतता आहे. भाचा म्हणतो, ती कापलीच पाहिजे. लोक तिथेच सोडून जातील.

जावोत बापडे. आमच्या दुसऱ्या भागाची सुरुवात मी माझ्या उत्तराने करणार आहे, आणि तो ती बंगळूरच्या घरात बसून ऐकेल. श्रोते किती, ह्या प्रश्नाला एवढेच उत्तर मजपाशी आहे. ज्यांना ते पुरेसे वाटत नसेल त्यांनी खुशाल कागद पुढे ओढावा. बाकीच्यांनी ह्या दिवाळीत फराळ आटोपला की ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलत आलो त्याला समोर बसवावे, गोदडी अंथरावी, आणि फोनचे बटण दाबावे.