बिल आजपासून, स्पीड कधीपासून?

घरच्या इंटरनेटचा स्पीड वाढवून घेतला की दोन तारखा पडतात. एक पैसे कापले जाण्याची, दुसरी स्पीड खरोखर वाढण्याची. मधल्या दिवसांचे पैसे कंपनीने कशाबद्दल घेतले? हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

मी मुरुडला घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या महिन्यात ४० एमबीपीएसचा प्लॅन बदलून १०० चा घेतला. पैसे त्याच संध्याकाळी गेले, स्पीड अकराव्या दिवशी आला. फोनवर रोज एकच उत्तर, ‘चोवीस तासांत होईल.’ मोहल्ल्यात दोन सल्ले मिळाले. ‘सब्र कर, मुरुडात नेट आहे हेच खूप.’ आणि ‘आपल्याकडे कोण लक्ष देतंय?’ दोन्ही सल्ले कंपनीच्या सोयीचे आहेत.

पहिला सल्ला घ्या. फायबर घरात आधीच आलेली असेल तर स्पीड वाढवायला रस्ता खोदावा लागत नाही. तुमच्या कनेक्शनची मर्यादा कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. तो आकडा बदलला आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा काम होतं. कधी अडचण घरातही असते, जुना राउटर किंवा कमजोर वायफाय. म्हणून लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड मोजा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हा हिशेबही लक्षात ठेवा. एवढं करूनही जुनाच आकडा दिसत असेल तर सब्र कंपनीने करायचा, पैशांसाठी.

दुसरा सल्ला जास्त घातक आहे. भेदभाव जिथे आहे तिथे बोललंच पाहिजे. पण आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातही लोक असेच ताटकळतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा विजेचे खांब पडले आणि अंधार सगळ्यांच्याच घरात झाला. प्रत्येक दिरंगाईला ‘आपण मुसलमान म्हणून’ हे कारण लावलं की जबाबदार माणूस सुटतो आणि सोबत उभा राहू शकणारा शेजारीही दुरावतो.

मग करायचं काय? ओळखीचा पुढारी शोधू नका. कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. निवारण झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकट्याच्या तक्रारी ऐकत नाही, पण १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी नाही.

मी अकरा दिवसांच्या फरकाचे पैसे लेखी मागितले आहेत. रक्कम सव्वाशे रुपयांच्या आत. ‘एवढ्याशासाठी?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे, हो, एवढ्याशासाठीच. सव्वाशे रुपयांचा हिशेब मागायची सवय नसलेला समाज रेशनचा, शिष्यवृत्तीचा आणि घरकुलाचा हिशेब कसा मागणार?

कोकणातल्या आपल्या कित्येक पिढ्या रोजगारासाठी मुंबईला आणि आखातात गेल्या. आज चांगलं कनेक्शन असेल तर काही कामं मुरुडात बसून होतात. मुलींनाही त्याने एक दार उघडतं. केरळच्या फहीमा शिरीनला वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाइल वापरायला बंदी होती. नियम मानला नाही म्हणून तिला बाहेर काढलं. ती हायकोर्टात गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. तिने गाऱ्हाणं घरात सांगून सोडून दिलं नाही, अर्ज केला.

तुमचाही स्पीड अडकला असेल तर आधी डॉकेट नंबर घ्या. मग शेजाऱ्याला विचारा, त्याचाही अडकलाय का. दोघांचे अर्ज एकाच दिवशी जाऊ द्या.